गोकूची फिगर पारखताना या चुका टाळा

वरुडकडे संत्र्याचा व्यापारी बागेत आला की झाडावरची चार फळं तोडतो, हातात तोलतो, एखादं सोलून खातो आणि मगच भावाचं बोलतो. नुसता रंग पाहून कोणी सौदा करत नाही, कारण आंबिया बहाराचं फळ वरून हिरवट असलं तरी आतून गोड निघतं. हे सगळं लहानपणापासून पाहिलेली आमच्या गावची पोरं 'ड्रॅगन बॉल झेड' या जपानी कार्टून मालिकेच्या नायकाची, गोकूची फिगर (प्लास्टिकची छोटी मूर्ती) कुरिअरनं आली की मात्र दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळी होतात. गेली आठ-नऊ वर्षं पोरं माझ्याकडे फिगर दाखवायला आणतात आणि चुका त्याच त्या असतात. त्यातल्या दोन चुकांनी चांगल्या फिगरी वाया गेलेल्या मी पाहिल्यात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे सांधा जाम लागला की जोर लावणं.

आमच्या गल्लीतल्या अकरावीच्या एका पोरानं संत्रातोडीला जाऊन पैसे जमवले आणि एस. एच. फिगुआर्ट्सचा गोकू मागवला. ही बंदाई या जपानी खेळणी कंपनीची फिगरींची मालिका, 2008 पासून चालू आहे. यातला गोकू साधारण 14 सेंटीमीटर उंच असतो आणि त्याचे खांदे, कोपर, गुडघे, घोटे सगळे हलतात. डिसेंबरातल्या एका सकाळी, अंगणात शेकोटी पेटलेली असताना, पोरगा फिगर घेऊन आला. "काका, नकली निघालं जी. खांदाच हलून नाही रायला." मी हात पुढे करेपर्यंत त्यानं दंड पिरगाळला. कट्‌ असा बारीक आवाज आला आणि हात त्याच्या मुठीत राहिला.

मी दोन्ही तुकडे उन्हात धरून पाहिले. खांद्याच्या खोबणीत नारंगी रंगाचा पातळ थर वाळून बसला होता आणि त्यानंच खुंटी धरून ठेवली होती. कारखान्यात रंगवलेल्या फिगरमध्ये असं होतं. त्यात रात्रभराच्या थंडीनं प्लास्टिक कडक झालेलं. खुंटी जिथून पिळली गेली तिथं पांढरी रेघ उमटली होती. फिगर अस्सल होती. डोळे सरळ, केसांची टोकं धारदार, सगळं जिथल्या तिथं. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही.

माझी सवय अशी आहे. नवी फिगर आली की पहिल्या दिवशी मी एकही सांधा हलवत नाही, नुसती पाहतो. दुसऱ्या दिवशी चुलीवर पाणी तापवतो. बोट घातलं तर दोन सेकंदांत काढावं लागेल इतकंच गरम, उकळतं नाही. जाम सांधा त्यात दोन मिनिटं धरायचा, पुसायचा, मग एक-दोन अंश पुढे, एक-दोन अंश मागे. कुरकुर झाली की परत पाण्यात. एका खांद्याला कधी अर्धा तास लागतो आणि लागू द्यावा. खोबरेल तेल घालू नका, ते पुढे चिकट होऊन धूळ धरतं. घालायचंच असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो.

आणि सांधा तुटलाच तर इन्स्टंट ग्लू ओतू नका. तो खोबणीत उतरतो, सांधा कायमचा बसतो आणि आजूबाजूला पांढरी भुरी चढते. त्या पोराच्या फिगरला मी हाताच्या बारीक ड्रिलनं 1 मिलिमीटरचं भोक पाडून आत पेपरक्लिपची तार बसवली. हात जागेवर आला, पण वर उचलता येत नाही. तो अजूनही तसाच आहे.

दुसरी चूक, फिगर कोणत्या जातीची आहे हे न पाहताच तिला नावं ठेवणं. बॅनप्रेस्टो या जपानी ब्रँडच्या फिगरी पाहून "शिवण दिसते, छटा नाहीत, डुप्लिकेट आहे" असं मी कितीदा ऐकलंय. या फिगरी जपानमध्ये गेम सेंटरच्या पंजाच्या मशीनमध्ये बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी बनवतात. म्हणून रंगाचे थर कमी, सांधे नाहीत आणि केसांवर किंवा कमरेवर जोडाची रेघ दिसते. त्यांची तुलना बक्षिसाच्याच दुसऱ्या फिगरशी करा. कित्येक पट महागड्या फिगरसमोर ठेवून तिला खोटी ठरवणं अन्याय आहे.

खोक्यावरच्या फोटोशी तुलना करणं हीसुद्धा त्यातलीच गोष्ट. तो फोटो बहुतेक वेळा हातानं रंगवलेल्या नमुन्याचा असतो. कारखान्यातून निघालेला माल त्याच्या जवळपास पोचला तरी तो चांगला म्हणावा.

छातीवरचं चिन्ह नाही म्हणून फिगर नकली ठरवू नका. सुरुवातीच्या भागांत गोकूच्या नारंगी पोशाखावर त्याच्या गुरूचं, कामे-सेन्निनचं चिन्ह असतं. ते कासवासाठीचं जपानी अक्षर आहे. 'झेड'मध्ये अँड्रॉइडच्या, म्हणजे यंत्रमानवांशी लढाईच्या कथेपासून पुढे तो बिनचिन्हाचाच पोशाख घालतो. आधी ही फिगर मालिकेतल्या कोणत्या काळातली आहे ते ठरवा. चिन्ह असेल तर मात्र जवळून पाहा. अस्सल फिगरवर त्या अक्षराची प्रत्येक रेघ सुटी दिसते, कॉपीत रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो. केस पिवळे असतील तर बुबुळं हिरवट-निळी हवीत. सुपर सैयन, म्हणजे पिवळ्या केसांचं जास्त ताकदीचं रूप, झाल्यावर त्याचे डोळेही बदलतात. पिवळ्या केसांखाली काळे डोळे दिसले की मी फिगर खाली ठेवतो.

केसांची टोकं मी सगळ्यात शेवटी पाहतो आणि त्यांच्यावरच सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो. नकली फिगर बऱ्याचदा अस्सल फिगरवरून साचा घेऊन ओततात. त्यात बारकावे पुसट होतात आणि थंड होताना माल किंचित आकसतो. म्हणून टोकं बोथट येतात आणि उंची थोडी कमी भरते. 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकतात तीही नकलीच. चार पैसे वाचले या आनंदात ती घेणाऱ्याला मी परत परत सांगत आलोय आणि पुढेही सांगेन.

रात्री ट्यूबलाइटखाली रंग पारखू नका. सकाळी नऊच्या उजेडात छपरीत बसून पाहा.

खोक्यावर मालिका बनवणाऱ्या तोएई अ‍ॅनिमेशन कंपनीचं चमकदार स्टिकर आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्टिकरचीही नक्कल होते.

नव्या फिगरला घासलेटासारखा उग्र वास आणि कातडीला तुपट चकाकी असेल तर परत पाठवा.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखालची खोली भट्टी होते. या फिगरींचे बरेच भाग पीव्हीसीचे असतात आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. बंद खोक्यात, गरमीत ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर हाताला चिकट लागते. जुन्या अस्सल फिगरचंही असं होतं. चिकट लागली म्हणून माझ्या भाच्यानं एक चांगली फिगर नकली समजून मित्राला देऊन टाकली, ते मला अजून खटकतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं, एवढंच करायचं होतं. कूलरच्या टाकीतलं खारं पाणी तेवढं वापरू नका, पांढरे डाग राहतात.

उन्हाळ्यात एका पायावर उभी असलेली फिगर घोट्यातून पुढे झुकते. घडण कच्ची आहे असं समजू नका. तसंच गरम पाणी, पाय सरळ करून धरायचा आणि लगेच माठाच्या गार पाण्यात बुडवायचा, म्हणजे आकार बसतो. मार्च संपला की मी सगळ्या फिगरी टिनाखालून काढून मधल्या मातीच्या भिंतींच्या खोलीत नेतो आणि दोन पायांवर उभ्या करतो.

शेवटचं, खोक्यातला पारदर्शक ट्रे फेकू नका. त्यात फिगरचे जादा हात आणि चेहरे खोचलेले असतात. आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत असा एक ट्रे उकिरड्यावर गेला. तेव्हापासून कामेहामेहा (गोकूचा हातांतून ऊर्जेचा झोत सोडायचा डाव) करायला लागणारे दोन उघडे पंजे माझ्या गोकूजवळ नाहीत, मुठीच आहेत.