घरातल्या रुग्णाला सांभाळताय? पैसा कोणाच्या नावावर येतो ते आधी बघा

अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ माणसाला घरी सांभाळणाऱ्याच्या नावाने महाराष्ट्रात दरमहा भत्ता देणारी योजना नाही. सरकारकडून जे येतं ते रुग्णाच्या नावावर, रुग्णाच्या खात्यात. बायको, सून, मुलगी, भाऊ यांचे कष्ट कागदावर कुठेच दिसत नाहीत. त्यामुळे फाइल रुग्णाच्या नावाने उभी करायची आणि सांभाळणाऱ्याच्या पदरात काय पडतं ते करसवलत, रजा आणि कुटुंब निवृत्तिवेतन अशा आडवाटांनी शोधायचं. पुण्यात हे कसं करावं आणि शेजारच्या राज्यांत काय वेगळं आहे, ते पुढे दिलं आहे.

शेजारी काय मिळतं

केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत थेट सांभाळणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण नाव सांभाळणाऱ्याचं. तमिळनाडूत तीव्र दिव्यांगांना २,००० रुपये निर्वाह भत्ता आहे, आणि ज्यांना सतत कुणीतरी लागतं त्यांच्यासाठी मदतनीस म्हणून वेगळे १,००० रुपये. कर्नाटकने २०२४-२५च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या चारच आजारांच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी १,००० रुपये जाहीर केले. पक्षाघात त्या यादीत नाही.

आंध्र प्रदेशाने वेगळी वाट धरली. तिथे सांभाळणाऱ्याला काही नाही, पण पूर्णपणे अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या रुग्णाचं पेन्शन २०२४ पासून दरमहा १५,००० रुपये आहे, तर सर्वसाधारण दिव्यांगाला ६,०००. तेलंगणात दिव्यांगांना ४,०१६. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत साधारण लाभार्थ्याला १,५०० आणि दिव्यांगाला ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. पुण्यात ब्युरोच्या मावशी लावल्या तर एवढे पैसे तीन-चार दिवसांत संपतात.

हे आकडे वाचून बेळगावला किंवा हैदराबादला असलेल्या भावाकडे आईचा पत्ता हलवावा असा विचार मनात येतो. हजार रुपयांसाठी तो करू नका. परत आणायची वेळ आली तर महाराष्ट्रातल्या निराधार योजनेला राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. उलट्या दिशेनेही हाच अडसर आहे. बेळगावहून पुण्यात लेकीकडे आणलेल्या आईचं तिकडचं पेन्शन बंद होतं आणि इथलं सुरू होत नाही. आणताना हा हिशेब धरूनच आणा. दोन राज्यांत दोन पेन्शन ठेवायचा प्रयत्न आधारमुळे उघडा पडतो.

पहिली पायरी: यूडीआयडी

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हातात नसेल तर पुढचं जवळजवळ काहीच हलत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तिथेच रुग्णालय निवडायचं. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरी-चिंचवडकरांना वायसीएम (यशवंतराव चव्हाण) रुग्णालय. कार्डाचा रंग बघा: ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० किंवा जास्त असेल तर निळं. करसवलतीत ही ८०ची रेघ फार महत्त्वाची आहे.

अर्ज कुठे अडकतो ते सांगतो. पक्षाघात झाल्यावर दोन महिन्यांत गेलात तर ‘स्थिती स्थिर होऊ द्या’ म्हणून परत पाठवतात. तोपर्यंत डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि फिजिओथेरपीच्या नोंदी एका फाइलीत तारखेने लावून ठेवा. दुसरी अडचण मोठी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात आहेत, स्मृतिभ्रंश नावानिशी नाही. नुसत्या ‘वयोमानानुसार अशक्तपणा’ला तर प्रमाणपत्रच मिळत नाही. म्हणून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तपासणीला नेताना हातापायांची हालचाल, बोलणं, दृष्टी यांत काय कमी झालंय ते न्यूरोलॉजिस्टकडून स्वतंत्र लिहून घ्या. वैद्यकीय मंडळ कोणत्या प्रकारात मोजणार हे त्या कागदावर बरंच अवलंबून असतं. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर त्यावरची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती उलटली की पुढचं सगळं एका झटक्यात थांबतं.

निराधार योजनेचा अर्ज

६५ वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार, त्यापुढे श्रावणबाळ. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगासाठी ५०,००० रुपये. पन्नास हजार म्हणजे महिना चार हजार एकशे सदुसष्ट. पुण्यात सोसायटीच्या वॉचमनलाही याहून जास्त पगार असतो, त्यामुळे नोकरीतल्या मुलाच्या घरात राहणारे बहुतेक रुग्ण इथेच गळतात. ज्यांचं खरोखर बसतं त्यांनी मात्र सोडू नये.

अर्जासोबत लागतं ते असं: आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, फोटो आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. सेतू केंद्राबाहेर कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावला तर घेऊ नका. सरकारी दाखल्यांसाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं.

पुण्यात अर्ज चुकीच्या तहसीलला जाण्याचं प्रमाण बरंच आहे, कारण महापालिकेची हद्द आणि तालुक्याची हद्द एक नाही. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक २०२१ साली महापालिकेत आले, मिळकतकर महापालिकेला जातो, पण तालुका मुळशीच. हडपसर, खराडीची गावं हवेलीत. सातबारा किंवा घराच्या खरेदीखतावर ‘ता.’ नंतर जे लिहिलंय तो तुमचा तालुका. अर्ज तिथल्या संजय गांधी योजना शाखेत द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आधीपासून श्रावणबाळचे १,५०० येत असतील आणि मध्यंतरी यूडीआयडी मिळालं असेल, तर कार्डाची प्रत त्याच शाखेत लेखी अर्जासह द्या. अडीच हजार मिळतात ते दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यांना. यादीत नुसतं ‘वृद्ध’ असाल तर वाढ आपोआप येत नाही.

महापालिका, पिंपरी-चिंचवड की कॅन्टोन्मेंट

राज्याच्या नियमाप्रमाणे स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. त्यातून प्रत्येक महापालिका आपापल्या योजना काढते, म्हणून रस्ता ओलांडला की रक्कम बदलते. मुळा नदीच्या अलीकडे पुणे, पलीकडे पिंपरी-चिंचवड. पेन्शन, साहित्य, अर्थसाहाय्य सगळं वेगळं. पुणे महापालिकेत अर्ज डीबीटी (थेट खात्यात पैसे जमा करण्याच्या) पोर्टलवर भरतात, आणि अडलं तर क्षेत्रीय कार्यालयातल्या समाज विकास विभागाच्या समूह संघटिकांना भेटावं लागतं. कोणत्या योजनेचे अर्ज कधी सुरू आहेत हे पोर्टलपेक्षा त्या लवकर सांगतात. पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये राहत असाल तर महापालिकेचा अर्ज भरण्यात वेळ घालवू नका. बोर्डाच्या कार्यालयात स्वतंत्र विचारा.

मूल १८ वर्षांखालचं असेल तर

सांभाळणाऱ्याच्या सगळ्यात जवळ पोचणारा पैसा इथे आहे आणि तो अनेकांना माहीतच नसतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अनाथ किंवा एकल पालकांच्या मुलांबरोबरच तीव्र मतिमंद, बहुविकलांग मुलं आणि गंभीर आजारी पालकांची मुलंही यात बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, आदेश बालकल्याण समितीचा. आदेशाला मुदत असते, नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्वासाठी राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ विमा वेगळा. १ लाखापर्यंतचं संरक्षण. नोंदणी दारिद्र्यरेषेखाली २५०, इतरांना ५०० रुपये. थेरपीचा खर्चही त्यात बसतो, म्हणून पावत्यांवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का घेत जा. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. याच न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज टाका.

करसवलत: सून सांभाळते, नाव मुलाचं

आयकराच्या जुन्या पद्धतीत ८०डीडी ही वजावट दिव्यांग अवलंबितासाठी आहे: ४० टक्क्यांवर ७५,०००, ८० टक्के आणि पुढे १,२५,००० रुपये. एकही बिल दाखवावं लागत नाही, खर्च किती झाला हे कुणी विचारत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर निळ्या कार्डावर सेससह ३९,००० रुपये वाचतात, २० टक्क्यांत २६,०००. म्हणजे निराधारच्या वर्षभराच्या ३०,००० रुपयांच्या आसपास, आणि उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, त्यामुळे पद्धत निवडण्याआधी दोन्ही आकडे मांडून बघा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी नवा आयकर कायदा आहे, तिथे कलमांचे क्रमांक बदलतात.

अवलंबित कोण? जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊबहीण. सासूसासरे नाहीत. सासूचं डायपर बदलणारी सून स्वतः नोकरी करत असेल तरी वजावट तिच्या पगारातून मिळत नाही, नवऱ्याच्याच मिळते. लग्न झालेली मुलगी आईसाठी मात्र घेऊ शकते. रुग्णाने स्वतःच्या विवरणपत्रात ८०यू (स्वतःच्या दिव्यांगत्वाची वजावट) घेतलं असेल तर दुसऱ्याला ८०डीडी नाही.

८०डीडीबी हे त्याचं भावंड. प्रत्यक्ष उपचारखर्चासाठी ४०,०००, रुग्ण ६० वर्षांवरचा असेल तर १ लाखापर्यंत. दिव्यांग कायद्याच्या यादीत नसलेला स्मृतिभ्रंश इथे मात्र नावासकट आहे, अट ४० टक्के दिव्यांगत्वाची. न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन घ्या. फॅमिली डॉक्टरांचं चालत नाही. विम्यातून परत मिळालेली रक्कम वजा होते.

सांभाळणाऱ्याच्या नावावर येऊ शकणारं

दिव्यांग नवऱ्याला निराधारचे पैसे मिळतात म्हणून बायकोचा लाडकी बहीणचा हप्ता जात नाही. स्वतः तिच्याच नावावर १,५०० किंवा जास्तीची दुसरी योजना असेल तर जातो. ई-केवायसी वेळेवर करा, रुग्णाच्या धावपळीत हीच राहून जाते.

सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग अपत्यासाठी ७३० दिवसांपर्यंतची बालसंगोपन रजा मिळू शकते, अटी कार्यालयात विचारून घ्या. आणि पेन्शनर आईवडिलांनी दिव्यांग मुलाचं नाव पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) स्वतः हयात असतानाच घालून घ्यावं. त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण दोघं गेल्यावर भावाने धावाधाव सुरू केली तर प्रमाणपत्र कधीचं इथपासून प्रश्न सुरू होतात. खासगी नोकरीतल्यांनी ईपीएसमध्येही (पीएफबरोबरची पेन्शन योजना) पूर्णपणे अपंग अपत्याची नोंद करावी.

२०१६च्या कायद्याच्या कलम २४मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता लिहिलेलाच आहे, आणि ‘केअरगिव्हर’च्या व्याख्येत विनावेतन सांभाळणारे घरचेही येतात. कलम ३८खाली अशा आधारासाठी अर्ज करता येतो. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. तिथे यूडीआयडीच्या प्रतीसह लेखी अर्ज द्या, दिवसभरात काय काय करावं लागतं ते तासांनिशी लिहा (कूस बदलणं दर दोन तासांनी, नळीतून अन्न, रात्रीची जाग) आणि आवक क्रमांक घ्या. लगेच पैसे येणार नाहीत. पण उद्या भत्ता सुरू झाला तर तुमचा अर्ज तारखेसह नोंदलेला असेल.

आलेला पैसा काढायचा कसा

मंजुरीनंतरही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खातं आधारशी जोडलेलं असतं, पण डीबीटीसाठी मॅप केलेलं नसतं. बँकेत ‘आधार सीडिंग, एनपीसीआय’ असा स्पष्ट शब्द वापरून फॉर्म भरा. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकला तरी पैसे थांबतात.

सही करता येत नसेल, बोटांचे ठसे उमटत नसतील, तर बँक रुग्णाला शाखेत आणायला सांगते. ते ऐकू नका. अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, एवढ्यावर पैसे काढता येतात, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ७० वर्षांवरच्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच सेवाही द्यायची आहे. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. स्मृतिभ्रंशाची सुरुवातच असेल तर खातं ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने आत्ताच जोडीचं करा, पहिलं नाव रुग्णाचंच ठेवून. समज गेल्यावर मुखत्यारपत्र चालत नाही, आणि मग न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो.