अमेरिकेत नेमणूक रखडली? बातमी अशी तपासा

एरिक गार्सेटी यांचं नाव अमेरिकेचे भारतातले राजदूत म्हणून जुलै २०२१ मध्ये पुढे आलं आणि सिनेटची (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची)  मंजुरी मिळाली १५ मार्च २०२३ ला. वीस महिने! तोवर दिल्लीचा दूतावास प्रभारी अधिकाऱ्यांनीच सांभाळला. ‘विरोधकांनी अडवलं’ म्हणून मोकळं व्हावं, तर सिनेट त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या ताब्यात होती. तेव्हा अशी बातमी आली की दोन्ही बाजूंची भाषणं नंतर ऐका. आधी एवढं बघा.

१. फाईल कुठे अडलीय? अमेरिकी काँग्रेसच्या संकेतस्थळावर ‘नॉमिनेशन्स’ विभागात नाव टाका आणि सगळ्यात ताजी नोंद वाचा. नाव सिनेटच्या समितीतच असेल, तर सुनावणी झाली का ते पाहा. समितीतून पुढे जाऊनही मतदान होत नसेल, तर एक तर कोणीतरी हरकत घेतलीय किंवा मतांची जुळणी होत नाहीये. गार्सेटींचं गाडं मतांवरच अडलं होतं. लॉस एंजेलिसचे महापौर असताना त्यांच्या एका सहकाऱ्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले होते. आपल्याला माहीत नव्हतं, असं गार्सेटी सांगत राहिले. पण स्वपक्षातल्याही काहींना ते पटलं नाही.

२. ‘होल्ड’ हा शब्द दिसला, तर दचकू नका. होल्ड म्हणजे एखाद्या सिनेटरची हरकत, नकार नव्हे. एरवी बरीच नावं एकमताने, एका दमात मंजूर होतात. सप्टेंबर २०२५ पर्यंत एका जरी सिनेटरने हरकत घेतली की प्रत्येक नावावर वेगळं मतदान घ्यावं लागायचं आणि त्यात वेळ जायचा. २०२३ मध्ये टॉमी टबरविल या एकट्या सिनेटरने गर्भपातविषयक धोरणाच्या निषेधार्थ चारशेहून जास्त लष्करी बढत्या अशाच महिनोन्‌महिने लटकवल्या. त्या अधिकाऱ्यांचा त्या धोरणाशी काडीचा संबंध नव्हता.

३. बहुमत कोणाचं? ही पायरी गाळू नका. २०१३ पासून बहुतेक पदांना, तर २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयालाही साधं बहुमत पुरतं. पहिला बदल डेमोक्रॅट्सनी केला, दुसरा रिपब्लिकनांनी. म्हणजे अल्पमतातला पक्ष फार तर वेळ खाऊ शकतो. नाव खऱ्या अर्थाने गाडायचं तर बहुमत हाताशी लागतं. सर्वोच्च न्यायालयासाठी ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गारलँड यांची २०१६ मध्ये सुनावणीसुद्धा झाली नाही. निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या, असं तेव्हा बहुमतात असलेले रिपब्लिकन म्हणत होते. २०२० मध्ये त्यांनीच त्याच न्यायालयासाठी एमी कोनी बॅरेट यांना निवडणुकीच्या आठ दिवस आधी मंजुरी दिली.

४. नियम अजून तोच आहे ना? सप्टेंबर २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी प्रत्येक नावावर वेगळं मतदान घ्यायचा नियम बऱ्याच पदांपुरता बदलला आणि ४८ नावं एका मतदानात मंजूर केली. जुन्या लेखांवर विसंबू नका.

५. शेवटी तारीख. काँग्रेसची मुदत संपली की उरलेली नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात. गार्सेटींचंही जानेवारी २०२३ मध्ये परत गेलं होतं. बायडेन यांनी तेच पुन्हा पाठवलं. म्हणून ‘परत पाठवलं’ अशी नोंद दिसली, तर त्याच नावाची दुसरी नोंद शोधा.