मुखवटे घडवताना या चुका टाळा: चेहऱ्यावरचा भाव मातीतच यायला हवा

शाळेच्या कलावर्गात मातीच्या चेहऱ्यावर कागदाच्या तुकड्यांचे थर देऊन मुखवटे करताना बहुतेक बिघाड मातीच्या टप्प्यावर होतात, पण ते लक्षात येतात रंगकाम झाल्यावर. मुले शाडूची एक लंबगोल थापी करतात, तिच्यावर मधोमध नाक चिकटवतात आणि भुवया, डोळे, ओठ नंतर रंगाने काढू म्हणून सोडून देतात. असा मुखवटा लाल रंगवला तरी रागावलेला दिसत नाही, कारण राग रंगात नसून चेहऱ्याच्या उंचसखलपणात असतो, आणि तो उंचसखलपणा मातीतच घडवावा लागतो.

म्हणून माती मळण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला आरशासमोर बसवावे आणि ठरवलेला भाव स्वतःच्या चेहऱ्यावर आणायला सांगावा. रागात भुवया खाली येऊन एकमेकींकडे ओढल्या जातात, नाकाच्या मुळाशी उभ्या आठ्या पडतात आणि ओठ घट्ट मिटतात. भीतीतही भुवया जवळ येतात, पण त्या वर चढलेल्या असतात, आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसू लागतो. हसऱ्या मुखवट्यात सर्वाधिक चुका होतात, कारण मुले फक्त ओठांची टोके वर वळवतात. मनापासून हसणाऱ्या माणसाचे गाल वर सरकतात, त्यांच्या दाबाने खालची पापणी फुगते आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना बारीक सुरकुत्या पडतात. खालच्या पापणीखाली अंगठ्याने एक छोटा फुगवटा दिला, तरी निर्जीव हसू एकदम खरे वाटू लागते. माझ्या मते या एका फुगवट्यावर अर्धा तास खर्च करणे पूर्ण रंगकामापेक्षा अधिक मोलाचे आहे.

दुसरी चूक भाव फार जपून, बेताने दाखवण्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून निघणाऱ्या काळी आणि पिवळी मारबत व बडगे या मोठ्या पुतळ्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीतले चेहरे गर्दीच्या शेवटच्या रांगेतूनही ओळखता यावे लागतात, म्हणून त्यांच्यात भाव ठळक करून दाखवलेला असतो. वर्गातला मुखवटाही हातभर अंतरावरून न तपासता खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहावा. ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात खोली कळत नाही. खिडक्या लावून एका बाजूने टॉर्च धरावा. भुवईखाली, गालाखाली आणि ओठाखाली सावली पडत नसेल, तर तिथे माती आणखी वाढवावी किंवा आणखी कोरावी. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू मोजूनमापून सारख्या करण्याचा अट्टहासही सोडावा, कारण एक भुवई किंचित वर असली की चेहऱ्यात जीव येतो.

कोरताना मात्र नाकपुड्या किंवा खालचा ओठ आतल्या बाजूला वळवू नये. वाळलेला कागद अशा खाचेत अडकतो आणि ओढून काढताना फाटतो. खाच तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असावी. तरीही मुखवटा अडकलाच, तर तो न ओढता पालथा करून आतली माती कोरून काढावी. कागद मातीला चिकटू नये म्हणून पहिला थर खळ न लावता नुसत्या पाण्यात भिजवलेल्या तुकड्यांचा द्यावा. जाड प्लास्टिक पांघरले तर कोरलेले बारकावे झाकले जातात.

वर्तमानपत्राचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडावेत. फाडलेली कड विरळ असल्यामुळे ती शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते, तर कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसत राहते. पापणीसारख्या जागी नखाएवढे तुकडे वापरावेत. पाच-सहा थर पुरतात. एक थर छापील आणि पुढचा कोऱ्या कागदाचा दिला, तर कुठे राहून गेले ते लगेच कळते.

वाळवण्यात नागपूरच्या हवेचा विचार न करणे ही मोठी चूक होय. पारा ४५ अंशांवर असताना ओला मुखवटा उन्हात ठेवला, तर वरचा थर आधी आकसतो, आतले थर ओलेच राहतात आणि कडा वाकतात. तो मातीवरच ठेवून सावलीत, पंख्याखाली वाळवावा. पावसाळ्यात अडचण उलटी असते: मैद्याच्या खळीला बुरशी येते आणि काळे डाग रंगाखाली झाकले तरी पुन्हा वर येतात. त्या दिवसांत निम्मे पाणी घातलेले फेविकॉल वापरावे आणि एका वेळी दोनच थर द्यावेत. बुरशी येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असल्याने वर्गात मुळीच आणू नये. मुखवटा वाळला की नाही हे पाहण्यासाठी तो गालाला लावावा. गार लागला तर आत ओल आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिस कोणाच्याही चेहऱ्यावर थेट लावून साचा घेऊ नये. घट्ट होताना ते तापते आणि त्वचा भाजू शकते.

रंगाआधी खडूची भुकटी आणि फेविकॉल यांचे दोन पातळ हात देऊन पॉलिश पेपर फिरवावा; हे टाळले तर कागद रंग शोषतो आणि बातम्यांची अक्षरे दिसतात. खाचांत गडद आणि उंचवट्यांवर फिकी छटा द्यावी. चकचकीत वॉर्निश लावले की उजेड सगळीकडून परावर्तित होतो आणि मातीत मेहनतीने आणलेल्या सावल्या पुसल्या जातात, तेव्हा वरचा लेप मंद चमकेचाच घ्यावा.

मुखवटा घालायचा असेल, तर डोळ्यांची भोके घालणाऱ्याच्या बुबुळांमधले अंतर मोजून शिक्षकांनीच कापावीत आणि नाकपुड्या उघड्या ठेवाव्यात. दोरीची भोके कडेला अगदी लागून पाडली की ती पहिल्याच तालमीत फाटतात. कानशिलाच्या उंचीवर, कडेपासून बोटभर आत, आतून कापडाचा तुकडा चिकटवून मग भोक पाडावे.