पेशंट बोलत नाही म्हणून दुखत नाही? आयसीयूतल्या या चुका टाळा

नवीन स्टाफ ड्युटीवर आली की पहिली नजर मॉनिटरवर. पल्स 78, बीपी बरा, झालं, चार्टवर पेन, म्हणजे दुखणं, झिरो. अरे बावा, पेशंटकडे पाहा नं आधी! पल्स तापानं वाढते, रक्त गेलं तरी वाढते, आणि दुखत असूनही वाढत नाही असंही होते. आयसीयूतल्या दुखण्यावरच्या 2018 च्या गाईडलाइनमध्येही हेच आहे, आकडे बदलले तर नीट तपासायला लागा, बस तेवढाच त्यांचा उपयोग.

भंडाऱ्याकडचे एक काका होते, ॲक्सिडेंट, बरगड्या तुटलेल्या, छातीत नळी (चेस्ट ट्यूब), व्हेंटिलेटरवर. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू, ते पल्सही कमी ठेवते, मग पल्स वाढणार कुठून? दुखणं थांबवणाऱ्या फेंटॅनिलची सिरिंज संपून गेलेली, झोपेचं प्रोपोफॉल तेवढं चालू, आणि ड्युटीवरची स्टाफ पोरगी मला सांगते, "मॅडम, सिडेशन आहे नं, झोपून आहेत." भेटायच्या वेळेला काकू आल्या, पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "याइले दुखून राह्यलं जी, दुखलं की हे असेच पायाची बोटं आवळते." कूस बदलायला घेतली तर डोळे गच्च मिटलेले, तोंडातली ट्यूब चावून राहिले, हात कडक, हळूहळू चेस्ट ट्यूबकडे जाणारा, व्हेंटिलेटर मधूनमधून बोंबलते. सीपॉट, म्हणजे चेहरा, हालचाल, स्नायूंचा कडकपणा आणि व्हेंटिलेटर पाहून दुखण्याला द्यायचा स्कोअर, 8 पैकी 5, तिथं 3 झाले तरी दुखते असंच धरायचं. डॉक्टरांना सांगून फेंटॅनिलचा बोलस (एकदम द्यायचा डोस) दिला, इन्फ्युजन परत लावलं, कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि मग प्रोपोफॉलही कमी करता आलं.

प्रोपोफॉल, मिडाझोलाम ही झोपेची औषधं आहेत, दुखणं थांबवायची नाहीत. हे सगळ्यांना परीक्षेत येते, नाईट ड्युटीत कोणालाच आठवत नाही. पेशंट हात-पाय झाडतो, की मिडाझ वाढवा, हात बांधा. आधी कॅथेटर दुमडलं का, पोट फुगलं का, ट्यूब ओढली जाते का ते तर पाहा.

दुसरा राग बेडच्या पायथ्याशी उभं राहून दहा सेकंदात स्कोअर टाकणाऱ्यांचा. मी मिनिटभर नुसती पाहत उभी राहते, मग कूस बदलताना किंवा सक्शन करताना परत पाहते, आणि हात वाकवून कडकपणा सगळ्यात शेवटी, कारण हात लावला की पेशंट तसाही आकसतो. औषध दिल्यावर पुन्हा स्कोअर. घाई असेल तर आयसीयू तुमच्यासाठी नाही, खरंच.

ट्यूब आहे म्हणून विचारायचंच नाही, हेही चूकच. जागा असेल तर मान हलवून, बोट दाबून सांगू शकतो, आणि त्यानं सांगितलेलं कोणत्याही स्कोअरच्या वर. फक्त त्याच्या भाषेत विचारा, छिंदवाडा-बालाघाटच्या पेशंटला हिंदीत.

व्हेकुरोनियम, ॲट्राक्युरियम ही स्नायू ढिले पाडणारी औषधं चालू असतील तर स्कोअर टाकूच नका, स्नायूच हलत नाहीत. दुखते असं धरून औषध चालू ठेवा, डोळ्यातून पाणी आलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

डोक्याला मार असलेले कपाळावर आठ्या पाडतीलच असं नाही. नुसते डोळे उघडणं, चेहरा लाल होणं, तेही लिहा.

आणि बीपीएस, म्हणजे दुखण्याचा दुसरा स्कोअर, 3 पासून सुरू होते, 12 पर्यंत जाते. तिथं कोणी 0 लिहिला की मी चार्ट परत हातात देते आणि बेडकडे पाठवते.