गुडघ्याच्या बाहेरची दोरी

सांगलीत फिजिओथेरपी करताना माझ्याकडे येतात ते बहुतेक आतल्या बाजूने दुखावलेले गुडघे. बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, एकटंच गेलेलं क्वचित दिसतं, म्हणून ते नजरेतून सुटतं.

मागे तालमीतला एक पोरगा आला. गुडघ्याला आतल्या बाजूने जोराचा धक्का बसलेला. "लचकलाय फक्त, हळद लावलीया," म्हणाला.

आधी चांगला पाय तपासा. घोटा दुसऱ्या गुडघ्यावर टाकून बसवा आणि बाहेरच्या अंगाला बोट फिरवा. पेन्सिलीएवढी ताठ दोरी लागते. मग दुखरा पाय तसाच घ्या. याच्या पायाला दोरी लागलीच नाही.

नंतर गुडघा ३० अंश वाकवा, मांडी धरा, घोटा हळूच आत ढकला. बाहेरून सांधा उघडतो का, ते दुसऱ्या पायाशी ताडून बघा. पाय सरळ असतानाही उघडला तर मामला मोठा. सांध्याच्या पोटातलं क्रुशिएट लिगामेंट (फुलीसारखं आडवं जाणारं) किंवा गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातले बंधही गेलेले असू शकतात. तिथे माझं काम थांबतं. एमआरआय आणि ऑर्थोपेडिक सर्जन, त्याच आठवड्यात. शस्त्रक्रिया लागली तर पहिले दोन-तीन आठवडे मोलाचे.

पायाचा अंगठा वर उचलायला सांगायला विसरू नका. गुडघ्याखालच्या बाहेरच्या बारीक हाडाला वळसा घालून जाणारी नस ताणली गेली, तर पाऊल लोंबतं.

साधी इजा असेल तर बिजागरीचा ब्रेस, बर्फ, मांडीचे व्यायाम. चोळून घेणं बंद, हे मात्र त्याच्या वस्तादांनाच फोन करून सांगावं लागलं.