परत पोकेमॉन बॅटलला उतरायचंय? मग आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी एका कागदावर लिहा की आपण कुठल्या जनरेशनचं (म्हणजे गेमच्या कितव्या पिढीचं) आणि कुठल्या फॉरमॅटचं खेळणार आहोत. ऐकायला बाळबोध वाटेल, पण मधे पाच-दहा वर्षं गॅप घेऊन परत आलेले बरेच जण इथेच आपटतात, मी पण आपटलोय. डोक्यात असतो तो लहानपणीचा गेम, आणि तो आता जागेवर राहिलेला नाही. घर तेच आहे, फक्त जिना हलवलाय, आणि आपण अंधारात सवयीने पाय टाकतो. त्यामुळे ह्या यादीत नवीन काय शिकायचं ते कमी आहे आणि जुनं काय विसरायचं ते जास्त आहे.

फॉरमॅट म्हणजे काय तर ऑफिशियल स्पर्धा, जिला सगळे व्हीजीसी म्हणतात आणि जिची वर्ल्ड चॅम्पियनशिप २००९ पासून होते, ती डबल्स असते, म्हणजे मैदानात एका वेळी दोघं विरुद्ध दोघं. सहा आणायचे, त्यातले चार निवडायचे, सगळे लेव्हल ५० वर, आणि एक आयटम टीममधे एकालाच. दुसरीकडे स्मोगॉन ह्या ऑनलाइन कम्युनिटीच्या नियमांचं सिंगल्स, मैदानात एकास एक पण टीम सहा विरुद्ध सहा, तिथे कोण बॅन ते खेळणारेच चर्चा आणि मतदान करून ठरवतात. ह्या दोन्हींसाठी एकच टीम चालत नाही, चालवून बघू पण नका. सिंगल्समधे स्टेल्थ रॉक (समोरच्या बाजूला दगड पसरवायचा मूव्ह, म्हणजे डाव; आत येणाऱ्याला ते लागतात) नसलेली टीम लोकांना अर्धवट वाटते, आणि डबल्समधे तोच स्टेल्थ रॉक टाकायला एक टर्न घालवला तर तेवढ्यात समोरचे दोघं मिळून तुमचा एक पाडून मोकळे झालेले असतात, कारण अख्खी मॅच सात-आठ टर्नमधे संपू शकते.

जुनं खेळायचं असेल, म्हणजे १९९६ वालं पहिलं जनरेशन, तर तयारी सोपी आहे, कारण टीम जवळपास ठरलेलीच असते. टॉरोस, स्नॉरलॅक्स, चॅन्सी हे तिघं पक्के धरा आणि उरलेल्या तीन जागांवर डोकं चालवा. पण तिथले नियम आजच्या नजरेने बघितले तर वेडेपणा आहे. स्पेशल हा एकच स्टॅट (पोकेमॉनच्या ताकदीचा आकडा) हल्ल्यालाही आणि बचावालाही, क्रिटिकल हिट (नेहमीपेक्षा जास्त लागणारा मार) पोकेमॉनच्या मूळ स्पीडवर ठरतो, हायपर बीमने समोरचा पडला तर रीचार्जचा, म्हणजे पुढचा थांबून राहायचा, टर्न माफ, आणि एकदा फ्रीज झालात की आपोआप सुटका नाही, मॅच संपेपर्यंत बर्फाची लादी. १०० टक्के ॲक्युरसीचा मूव्हसुद्धा २५६ मधे एकदा चुकतो. घोस्टचा मूव्ह सायकिकवर भारी पडायला हवा होता, तो कोडमधल्या चुकीमुळे लागतच नाही, म्हणून सायकिकवाले त्या काळात राजे होते. दुसऱ्या जनरेशनमधे स्पेशलचे दोन भाग झाले, डार्क आणि स्टील आले, आणि हातात धरायचे आयटम आले, त्यातला लेफ्टोव्हर्स दर टर्नला १/१६ एचपी (म्हणजे जीव) परत देतो. मग काय, सगळे लेफ्टोव्हर्स धरून, रेस्ट मारून झोपलेले. तिथल्या तयारीत मी एकच सांगेन, वेळ काढून बसा, मॅच शंभर टर्नच्या पुढे गेली तर वैतागू नका.

तिसऱ्यात ॲबिलिटी (पोकेमॉनची अंगभूत खुबी) आणि नेचर (स्वभाव, ज्याने स्टॅट थोडे वरखाली होतात) आले, पण जुन्या जनरेशनमधे शिरताना खरी तपासायची गोष्ट वेगळीच आहे. चौथ्याच्या आधी मूव्ह फिजिकल (अटॅकच्या आकड्यावर चालणारा) की स्पेशल (स्पेशलच्या आकड्यावर चालणारा) हे मूव्हवर ठरायचं नाही, टाइपवर ठरायचं. बिचारा स्नीझल, अटॅक चांगला, टाइप डार्क आणि आइस, आणि ते दोन्ही टाइप स्पेशलमधे, म्हणजे ताकद एका हातात आणि हत्यार दुसऱ्या. उलट गेंगरचा शॅडो बॉल फिजिकल, गेंगर बिचारा स्पेशलवाला. २००६ च्या डायमंड-पर्लने हे मोडलं आणि मूव्हगणिक ठरायला लागलं, आणि माझ्या मते ह्या सिरीजमधे झालेला सगळ्यात मोठा बदल हाच, बाकी मेगा-बिगा नंतरची सजावट. त्याच वेळी स्टेल्थ रॉक आला आणि आत येणाऱ्याचा टाइप बघून मार बसायला लागला, साध्याला १/८ आणि चॅरिझार्डसारख्या चारपट कमजोराला थेट अर्धा एचपी. म्हणून चौथ्यापासून पुढे कुठलंही सिंगल्स खेळणार असाल तर दगड कोण टाकणार आणि कोण साफ करणार ही दोन नावं टीम बनवायच्या आधी लिहायची, नंतर नाही. आठव्यापासून हेवी-ड्यूटी बूट्स मिळतात, ते घातले की दगड लागत नाहीत, चॅरिझार्डची तेवढी सोय झाली.

पाचव्यात टीम प्रिव्ह्यू आला, म्हणजे समोरच्याचे सहाच्या सहा आधीच दिसतात, आणि पॉलिटोडला पाऊस पाडायची ॲबिलिटी मिळाली. ॲबिलिटीने आलेला पाऊस तेव्हा थांबायचाच नाही, म्हणून सगळा खेळ हवामानाचा झाला, इतका की स्मोगॉनला एका टीममधे ड्रिझल (तीच पावसाची ॲबिलिटी) आणि स्विफ्ट स्विम (पावसात स्पीड दुप्पट करणारी) एकत्र ठेवायला बंदी घालावी लागली. सहाव्यात तो पाऊस पाच टर्नवर आणला, खास दगड हातात असेल तर आठ. तुमच्या डोक्यात अजून न थांबणारा पाऊस असेल तर आत्ताच काढा.

आता ह्याच धर्तीवर बाकीच्या सवयी तपासून घ्या, कारण मॅच ह्यांच्यावर हरतात. स्टील आता डार्क आणि घोस्टला अडवत नाही, सहाव्यापासून, आणि त्याच वेळी नॉक ऑफची पॉवर २० वरून ६५ झाली आणि समोरच्याच्या हातात आयटम असेल तर दीडपट, म्हणजे स्टीलवाल्याला डोळे मिटून पुढे करणं गेलं. ग्रासवर स्पोर किंवा कुठलीही पावडर चालत नाही. इलेक्ट्रिकला पॅरालिसिस होत नाही. सातव्यापासून प्रँकस्टर ॲबिलिटीने आधी मारलेला स्टेटस मूव्ह (थेट मार न देणारा) डार्कवर फुकट जातो, पॅरालिसिसने स्पीड पूर्वी पावपट व्हायचा तो आता निम्मा होतो, बर्नचा मार १/८ वरून १/१६ वर आला, आणि क्रिट साधारण २४ मधे एकदा. नवव्यात रिकव्हर, रूस्ट वगैरे एचपी भरून काढणाऱ्या मूव्हचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येतो तो आकडा) १० वरून ५ केले, म्हणजे नुसतं बसून समोरच्याला दमवू म्हणणाऱ्यांचे पण दिवस भरले. आणि आठव्यापासूनची एक गोष्ट तर लाल शाईने लिहा, स्पीड आता टर्नच्या मधेच बदलतो. टेलविंड मारला की त्याच टर्नमधे तुमचा दुसरा पोकेमॉन दुप्पट वेगाने हलतो, पूर्वी पुढच्या टर्नची वाट बघावी लागायची. टेलविंड चार टर्नचा, ट्रिक रूम (हिच्यात हळू असलेला आधी हलतो) पाच टर्नची, दोन्हीत मारलेला टर्न धरूनच, त्यामुळे ट्रिक रूमचे हातात खरे चारच येतात, आणि समोरच्याने प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारा मूव्ह) मारत दोन खाल्ले की उरतं काय ते तुम्हीच मोजा.

मग पोकेमॉन तयार करणं. पूर्वी हे काम जीव खायचं, अंडी फोडत सायकल फिरवत बसायचं, आता मिंटने नेचर बदलतं, बॉटल कॅपने आयव्ही (प्रत्येक स्टॅटचा जन्मजात ० ते ३१ मधला आकडा) मॅक्स होतात, आणि त्यासाठी सातव्या-आठव्यात लेव्हल १०० लागायची तिथे नवव्यात ५० पुरते. इव्हीचा (ट्रेनिंगने मिळणाऱ्या पॉइंटचा) हिशोब मात्र करायला लागतोच. एकूण ५१०, एका स्टॅटमधे २५२, आणि लेव्हल ५० ला पहिले ४ दिले की १ पॉइंट, पुढे दर ८ ला १. म्हणजे १० टाकले तर ६ वाया. असे वाया गेलेले शोधा, प्रत्येक टीममधे सापडतात.

आणि आयव्ही बघताना माझ्यासारखं करू नका. माझा गारचॉम्प अ‍ॅडमंट होता (अटॅक वाढवणारं नेचर), स्पीडमधे पूर्ण २५२ इव्ही. कागदावर असा गारचॉम्प लेव्हल ५० ला स्पीड १५४, टेलविंडमधे दुप्पट म्हणजे ३०८. समोर फ्लटर मेन, सगळ्यात वेगवान नेचरची २०५, त्यात बूस्टर एनर्जी ह्या आयटमने स्पीड दीडपट म्हणजे ३०७. एका पॉइंटने मी पुढे! हा हिशोब करून मी एवढा खूश होतो की विचारू नका, अख्खा प्लॅन ह्या एका पॉइंटवर उभा केला. मॅचमधे टेलविंड लागला, तिने बूस्टर एनर्जी खाल्ली, मी आरामात पॉइझन जॅब दाबला, आणि मूनब्लास्ट आधी आला. गारचॉम्प आडवा. मला वाटलं गेमच चुकला. घरी येऊन बघितलं तर स्पीडच्या आयव्हीपुढे जज फंक्शनमधे (गेममधली आयव्ही शब्दांत दाखवणारी सोय) लिहिलेलं होतं फँटॅस्टिक. फँटॅस्टिक म्हणजे ३०, ३१ ला बेस्ट लिहून येतं. आयव्ही ३० म्हणजे स्पीड १५३, दुप्पट ३०६. एक बॉटल कॅप पडून होती बॅगेत, मारली नव्हती, कारण फँटॅस्टिक वाचून मला वाटलं झालं की चांगलंच आहे. तर सहाच्या सहा पोकेमॉनचे आकडे लेव्हल ५० ला धरून कागदाशी ताडून बघा, शब्दावर जाऊ नका. ट्रिक रूमवाल्यांनी उलटं बघायचं, स्पीडचा आयव्ही ० हवा, नुसता कमी असून भागत नाही.

टीम काय घ्यायची हे मी सांगणार नाही, पण २०१४ च्या वर्ल्ड्सची गोष्ट कोणीतरी सांगेलच तुम्हाला, म्हणून आधीच बोलून ठेवतो. कोरियाचा सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला, एवढीशी इलेक्ट्रिक खार, आणि तेव्हापासून आवडता पोकेमॉन घेऊन पण जिंकता येतं असं जो तो ऐकवतो. अरे पण बघा तरी तिच्यात काय होतं. फॉलो मी ने समोरचे हल्ले स्वतःकडे ओढायचे, व्होल्ट ॲब्झॉर्बमुळे इलेक्ट्रिकचा मार लागायच्या ऐवजी उलट एचपी वाढतो, सुपर फँगने अर्धा एचपी काढायचा, आणि शेजारी मेगा गयाराडोस मोकळा. त्या वर्षी समोर काय काय येणार ते बघून निवडलेला तो तुकडा होता, लाड नव्हते. तुमच्या सहापैकी प्रत्येकासाठी असं एक वाक्य लिहिता आलं पाहिजे, हा कोणासमोर आणि कशासाठी. ज्याच्यासाठी वाक्य सुचत नाही तो बाहेर, कितीही लाडका असला तरी.

मग तुमच्या फॉरमॅटमधे सतत दिसणाऱ्या दहा-बारा पोकेमॉनची नावं काढा आणि प्रत्येकासमोर आपलं उत्तर लिहा. इन्सिनरोरला परवानगी असेल तर तो असणारच, आला की इंटिमिडेटने तुमचा अटॅक कमी, मग फेक आउटने एकाला गप्प, मग पार्टिंग शॉट मारून निघून जातो आणि नंतर परत येऊन हेच. त्याच्यावर क्लिअर ॲम्युलेट (स्टॅट कमी होऊ न देणारा आयटम), डिफायंटवाला (स्टॅट कमी केला की अटॅक वाढणारा) किंगॅम्बिट किंवा सरळ स्पेशलवर भर, काहीतरी एक लिहिलेलं पाहिजे, बघू तेव्हा असं लिहून चालणार नाही.

नवव्यात टेरास्टल आहे, तर त्याचा वेगळा कागद करा. मॅचमधे एकदाच, एकालाच, टाइप बदलतो पण मूळ टाइपच्या मूव्हचा दीडपट फायदा राहतो, आणि टेरा मूळच्याच टाइपचा असेल तर तो दुप्पट होतो. त्यामुळे टेरा निवडताना दोनच प्रश्न, मी कशापासून वाचतोय की काय जोरात मारतोय. गारचॉम्पला आइस चारपट लागतो आणि फेअरी दुप्पट, टेरा स्टील केला की दोन्ही अर्धे, हा वाचण्याचा टेरा. सहाही जणांचे टेरा वाचण्याचे असतील तर मारणार कोण, आणि सहाही मारण्याचे असतील तर पहिल्याच टर्नला घाई होते, मी बघितलंय. आठव्यातल्या डायनामॅक्सवरून आलेल्यांनी लक्षात ठेवा की तिथे एचपी फुगायचा आणि तीन टर्नमधे सगळं संपायचं, इथे एचपी वाढत नाही आणि टेरा तो पोकेमॉन पडेपर्यंत राहतो, म्हणून थांबून वापरलेला जास्त वेळा कामी येतो.

सरावाला पोकेमॉन शोडाउन आहेच, पण सिम्युलेटरवर डॅमेज कॅल्क्युलेटर शेजारी उघडून खेळायची सवय लागते आणि स्पर्धेत ती नडते. मार प्रत्येक वेळी ८५ ते १०० टक्क्यांमधे १६ पायऱ्यांवर कुठेही पडतो, तर मुख्य पाच-सहा हिशोब पाठ करा, कोण नक्की पडतो आणि कोण नशिबावर. ८० टक्के ॲक्युरसीचा मूव्ह दोनदा लागायलाच हवा असेल तर तो प्लॅन ६४ टक्क्यांचा आहे, हे आधी मान्य करा म्हणजे नंतर गेमला शिव्या घालाव्या लागत नाहीत. शिवाय टायमर. प्रिव्ह्यूला ९० सेकंद, मूव्हला ४५, आणि तुमच्या वाट्याचे एकूण ७ मिनिटं. ४५ सेकंद घरी भरपूर वाटतात.

आदल्या रात्री टीम बदलायची नाही. टीम शीट (स्पर्धेला द्यायची टीमची लेखी यादी) मात्र परत एकदा गेममधल्या टीमशी मूव्ह न् मूव्ह ताडून बघा, २०२३ पासून समोरासमोरच्या स्पर्धांमधे ही शीट समोरच्याला दिसते, पोकेमॉन, आयटम, ॲबिलिटी, टेरा, चारी मूव्ह, सगळं. इव्ही आणि नेचर तेवढे दिसत नाहीत, म्हणून लपवायचं काही असेल तर ते आकड्यांमधेच लपवा. कन्सोल चार्ज, चार्जर बरोबर, पेन, आणि कागद, तो कोराच लागतो, घरून लिहून आणलेला चालत नाही. मी पहिल्या ओळीवर त्यांच्याकडे टेलविंड किंवा ट्रिक रूम कोण मारतो त्याचं नाव लिहितो, दुसऱ्यावर फेक आउट कोणाकडे, तिसरी रिकामी सोडतो, पहिल्या टर्नला कोण आधी हलला ते लिहायला.