झाड बघून बेसला वळू नका

9 जून 2025 ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून ओळखीतली पोरं पायलट व्हायचं कसं म्हणून विचारायला येतात. फी, मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतूक नियामकाचे) पेपर, हे सगळं कुणीही सांगेल. सर्किटमधल्या, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायच्या चौकोनी फेरीतल्या, गर्दीबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला सगळ्यात जास्त घाम तिथेच फुटला.

लेग (फेरीच्या बाजू: पट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने डाउनविंड, मग आडवा बेस, मग पट्टीच्या रेषेत फायनल), हजार फूट उंची, डावी वळणं तुम्हाला पाठ असतील. पण सेसना 172 हे छोटं शिकाऊ विमान डाउनविंडला साधारण 90 नॉट्सने (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जात असतं आणि त्याच्यामागे दोन इंजिनांचं विमान 120 ने येतं. दर मिनिटाला मधल्या अंतरातला अर्धा नॉटिकल मैल गिळला जातो. आसरा चौकात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर ब्रेक मारता येतो. इथे ब्रेक नाही बे, आणि वेग पाडायलाही मर्यादा आहे.

खरा सापळा वेगळाच. शिकताना बेसच्या वळणासाठी एखादी खूण मिळते. मला एक झाड मिळालं होतं. सर्किटमध्ये एकटे असाल तर खूण उत्तम. पुढे वेगवान विमानावर गेलात तरी हात सवयीने त्याच झाडावर वळतो. आता हिशोब करा. दीड नॉटिकल मैलाचं फायनल संपवायला पुढच्या संथ विमानाला 65 नॉट्सने सुमारे 83 सेकंद लागतात, तुम्हाला 90 ने 60. म्हणजे दोघांमधल्या अंतरातले 23 सेकंद तिथेच गेले. त्यात पुढचा उतरला की लगेच धावपट्टी रिकामी होत नाही; समांतर टॅक्सीवे नसेल तर त्याला वळून त्याच पट्टीवरून परत यावं लागतं. तेव्हा झाड विसरा, पुढचं विमान बघा. ते फायनलवर तुमच्या पंखाच्या रेषेतून मागे गेल्याशिवाय वळू नका, आणि तुम्ही वेगवान असाल तर त्यानंतरही थोडं थांबा.

फार लांबही जाऊ नका. मागचे सगळे फरफटत येतात, आणि एक इंजिन असलेल्या विमानाचं तेच बंद पडलं तर तरंगत पट्टी गाठता येत नाही. त्यापेक्षा डाउनविंडलाच लवकर हळू व्हा.

उशीर झाला म्हणून फायनलकडे करकचून वळणं, हा शॉर्टकट मात्र जीव घेतो. उंची राखून 30 अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत) 7 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. जमिनीपासून पाचशे फुटांवर ही चूक निस्तरायला जागाच नसते.

संथ विमानात बसला असाल तर घाबरू नका. मागून गाठणाऱ्यानेच तुम्हाला टाळायचं असतं. तुम्ही फक्त आपली जागा रेडिओवर वेळेत आणि स्पष्ट सांगा. पंखाने वळणाच्या आतली बाजू झाकली जाते, म्हणून सेसनात वळण्याआधी पंख जरा उचलून बघा.

माझं मत विचाराल तर सिम्युलेटरवर पैसे घालवण्याआधी गच्चीवर खडूने सर्किट आखा. धाकट्या भावाला पुढे हळू चालवा, तुम्ही मागून झपझप चाला. कुठे गाठता ते पहिल्याच फेरीत कळेल. आणि सारखा कंट्रोल हिसकावणारा इन्स्ट्रक्टर कितीही नावाजलेला असो, अंतराचा अंदाज तो तुम्हाला देऊ शकणार नाही.

पट्टी रिकामी दिसत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत चढून नवी फेरी. एका फेरीचे पैसे जास्त जातील, घरच्यांचा चेहरा आठवेल. जाऊ द्या. पॉवर पूर्ण, नाक सरळ, मग रेडिओ. आणि चढताना खालचं विमान नजरेआड होणार नाही असं किंचित बाजूला सरका.